ऑरेलियावरची बकरी

एडविन टोझरने कप्तानाची बकरी समुद्रात बुडवली ती एका मंगळवारी सकाळी, अकराच्या चहाच्या जरा आधी. बुडवली म्हणजे कागदावर. पण पुढे जे रामायण झालं ते पाहता खरी बुडवली असती तर परवडलं असतं.

'ऑरेलिया' हे चौऱ्याहत्तर तोफांचं शिडाचं लढाऊ जहाज पोलविनच्या धक्क्याला कायमचं बांधून ठेवलेलं होतं. तिच्या लढायांची चित्रं एकेकाळी घराघरांत चुलीवरच्या भिंतीला टांगलेली असायची. एडविन चौदाव्या वर्षी गोदीत लागला तेव्हा त्याला पहिलं काम मिळालं ते हिच्याच डेकवर. फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठोकत गुडघ्यांवर सरकायचं. पन्नास वर्षं सुतारकी करून तो निवृत्त झाला, पाठोपाठ गोदीही बंद पडली. बरोबरचे निम्मे गावच्या दफनभूमीत आणि उरलेले मुलींकडे, दूरच्या शहरांत. घरात बसून करमेना, तेव्हा तो जहाजाच्या दप्तरखान्यात बिनपगारी जाऊ लागला. जुन्या रोजनिशा वाचायच्या आणि स्वच्छ अक्षरात उतरवायच्या, एवढंच काम. पण त्या पिवळ्या पानांतून कुणी सुतार फळी बदलली म्हणून लिहून गेलेला दिसला, की एडविनला वाटे, हा आपल्या शेजारीच बसून रंधा मारत होता.

अक्षर लावण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा त्याचा पक्का समज होता. तीन वर्षांत त्याने एक शब्द कुणाला विचारला नव्हता.

त्या मंगळवारी त्याला ओळ लागली ती अशी : 'दुपारी चार वाजता, मोठ्या लाटेत, कप्तानसाहेबांची बकरी समुद्रात गेली. साहेब जेवायला आले नाहीत.'

त्याने टाक खाली ठेवला. "मिस लस्कम," तो म्हणाला, "बिचाऱ्याची बकरी गेली हो."

दप्तर सांभाळणाऱ्या मिस लस्कम या कधी हसत नसत आणि कधी चिडतही नसत. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि तो कागद धक्क्यावरच्या सूचनाफलकावर लावून टाकला. कारण वेगळंच होतं. जहाज समितीचे अध्यक्ष कमांडर हेथॉर्न यांनी दप्तरखाना बंद करून त्या जागी चहाचं दुकान काढायचं ठरवलं होतं. 'जुने कागद बघायला कोण येतंय?' असा त्यांचा सवाल होता.

बकरी बघायला लोक आले. आधी मासेबाजारातल्या बायका आल्या, मग गावच्या वर्तमानपत्राचा माणूस आला, मग बाहेरगावच्या बसगाड्या. लढाया, तोफा, मेलेले सहाशे खलाशी यांचं कुणाला काही नव्हतं. जेवायला न आलेल्या कप्तानासाठी मात्र सगळे हळहळले. पाद्रीबाबांनी रविवारी त्यावर प्रवचन केलं. बेकरीवाल्याने शिंगं असलेली बिस्किटं काढली. आणि ब्याऐंशी वर्षांच्या मिसेस यो काठी टेकत येऊन सांगून गेल्या, "माझ्या पणजोबांनी तिचं दूध काढलंय. डॉर्कस नाव तिचं. लाथ मारायची मेली."

"नाव कुठं लिहिलेलं नाही," एडविन चाचरत म्हणाला.

"तुझ्या वहीत नसेल. आमच्या घरात आहे!"

चहाच्या दुकानाचं नाव निघेनासं झालं. उलट कमांडरच एके दिवशी दप्तरखान्यात आले आणि एडविनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "टोझर, डॉर्कसचा पुतळा बसवायचा डेकवर. लाकडी. तुम्हीच करायचा. समारंभ मोठा करू. मी स्वतः कप्तानाच्या वेशात येतो."

जहाजाच्या दुरुस्तीत काढलेली एक ओकची तुळई एडविनला मिळाली. पहिली पटाशी लागली आणि परसात डांबराचा, मिठाचा तो जुना वास दरवळला. तो क्षणभर हात थांबवून उभा राहिला. हा वास त्याला थेट चौदाव्या वर्षात घेऊन गेला. सकाळचा भोंगा, तीन हजार माणसांच्या बुटांचा आवाज, आणि मुकादमाची शिवी. सहा आठवडे तो त्या लाकडाशी बोलत बसला. बकरी उतरलीही तशीच. मान जरा वाकडी, डोळ्यांत थोडा आगाऊपणा.

"माझ्याकडे असं कधी पाहिलं नाहीस चाळीस वर्षांत," त्याची बायको म्युरिएल दारातून म्हणाली.

"तू लाथ मारत नाहीस."

"अजून."

समारंभ शनिवारी होता. गुरुवारी एडविन पुन्हा रोजनिशी घेऊन बसला. बकरी बुडाल्यानंतर तीन आठवड्यांनी जहाज लिस्बनला लागलं होतं. तिथली नोंद त्याने वाचली, परत वाचली, वहीत उतरवून घेतली आणि तशीच घरी नेऊन म्युरिएलपुढे धरली.

"जरा वाच. मला काहीतरी होतंय."

म्युरिएलने पिठाचे हात पुसले आणि मोठ्याने वाचलं : "'कप्तानसाहेबांनी समुद्रात गेलेल्याच्या जागी नवा शिवायला टाकला. कापड निळं, सोनेरी बटणं बारा. खांद्यात थोडा सैल ठेवायला सांगितलं.'" तिने वर पाहिलं. "एड, बकरी शिवतात?"

"नाही."

"खांद्यात सैल?"

एडविन खुर्चीत बसला. इंग्रजीत बकरी म्हणजे गोट. गोट आणि कोट यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि जुन्या वळणात त्या दोन अक्षरांत फरक फक्त खाली लोंबणाऱ्या शेपटीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी धावत जाऊन त्याने भिंग लावून ते पान पाहिलं. शेपटी त्या अक्षराची नव्हतीच. खालच्या ओळीतल्या एका उंच अक्षराचं टोक वर येऊन तिथे टेकलं होतं. लाटेत गेला होता तो कप्तानाचा कोट.

जी बकरी कधी जन्मलीच नव्हती, तिच्यासाठी एडविनचे डोळे भरून आले.

त्याने कमांडरना गाठलं. कमांडर त्या वेळी शेतावरून एक जिवंत बकरी समारंभासाठी मागवत होते. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "हे आणखी कुणाला माहितीये?"

"माझ्या बायकोला."

"मग झालंच गावभर. टोझर, तुम्ही काहीएक बोलायचं नाही. कोटाचा पुतळा बघायला कुत्रंसुद्धा येणार नाही! बकरी गेली तर दप्तरखानाही गेला, समजलं?"

समजलं होतं. म्हणूनच रात्रभर त्याला झोप लागली नाही. त्या दप्तरात एका सुताराने लिहिलं होतं, 'फळी माझ्या हातून वाकडी बसली, पुन्हा बसवली.' दीडशे वर्षांपूर्वी, कुणी विचारलं नसताना.

शनिवारी डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. बँड वाजला. निळा कोट, सोनेरी बटणं, त्रिकोणी टोपी अशा थाटात कमांडर उभे राहिले. शेजारी डोलकाठीला ती जिवंत बकरी बांधलेली. पडदा बाजूला झाला, ओकची डॉर्कस उन्हात चमकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कमांडरनी शिल्पकाराला दोन शब्द बोलायला सांगितले.

एडविन पुढे आला. "मंडळी," तो म्हणाला, "या जहाजावर बकरी नव्हती. मी चुकलो. तो कोट होता."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"निळा कोट. सोनेरी बटणांचा. अगदी ह्यांच्या अंगावर आहे ना, तसा..." असं म्हणून त्याने कमांडरांकडे हात केला.

लोकांनी तिकडे पाहिलं. जिवंत बकरीने तेवढ्या वेळात कमांडरांच्या कोटाचा मागचा अर्धा भाग पोटात घातला होता आणि एक सोनेरी बटण ती निवांतपणे चघळत होती. कमांडरनी "अरे! अरे!" करत उडी मारली, तशी उरलेली शिवण टरकन् फाटली.

जहाज डोलेल एवढा हशा झाला. पाद्रीबाबा कठड्याला धरून बसले. लोकांना वाटलं, हे सगळं ठरवून बसवलेलं आहे. "वा टोझर! काय वेळ साधलीस!" म्हणत माणसं त्याचा हात हलवू लागली.

"अहो, मी खरं सांगतोय!" एडविन कळवळून म्हणाला.

"तेच तर! चेहरा कसा सरळ ठेवला होतास!"

मिसेस यो तेवढ्या हसत नव्हत्या. त्या काठी आपटत आल्या. "कोट म्हणे! मग माझ्या पणजोबांनी दूध कशाचं काढलं?"

सोमवारी तो दप्तरखान्यात गेला तो निरोप घ्यायच्या तयारीने. मिस लस्कमनी त्याचीच प्रत टेबलावर उघडून ठेवली होती.

"खोडरबर वापरायचं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द. बाजूला सही आणि तारीख. जहाजावर हाच नियम होता."

एडविनने रेघ मारली. वर 'कोट' लिहिलं आणि बाजूला सही केली.

"आणि बकरीचं काय?"

"राहील की. खाली पाटी लावू : 'ही बकरी या जहाजावर कधीच नव्हती.' कमांडरना विचारलंय मी. ते सध्या कोणत्याच गोष्टीला नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नाहीत." मिस लस्कम एवढं बोलून हसल्या, म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला.

ती पाटी वाचायला पुढे बकरीपेक्षा जास्त लोक आले, आणि 'नव्हती म्हणजे काय?' हे विचारायला त्यातले निम्मे दप्तरखान्यात डोकावू लागले. पण ते नंतरचं. त्या सोमवारी मिस लस्कमनी पुढच्या वर्षाची रोजनिशी कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवली आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

एडविनने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्या पानावर एका शब्दापाशी त्याचं बोट अडलं. त्याने भिंग लावलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, परत आला. घसा खाकरला.

"मिस लस्कम, जरा इकडे येता का? मला हा शब्द लागत नाही."

त्या आल्या. दोघांनी डोक्याला डोकं लावून पाहिलं. त्यांना तो 'सॉल्ट', म्हणजे मीठ वाटला, त्याला 'माल्ट'. चहा निवला तरी निकाल लागेना. शेवटी एडविनने वहीत तेवढी जागा कोरी सोडली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच, बारीक शिसपेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.