मेलेल्या डॉनची आखूड बाही

डॉन मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला मेला. आठ वाजून पाच मिनिटांनी त्याने शिंप्याला विचारलं, "बाही आखूड का?"

बारा नंबरची बस बुधवारी थांब्याच्या साठ पावलं आधीच थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि एक कचराकुंडी आत चढायची वाट बघत राहिला.

दुकानावरची पाटी: चष्मे, दुरुस्ती आणि गुप्त तपास. आमच्या नजरेतून काही सुटत नाही.

थिएटरच्या ऑपरेटरने गुरुवारी खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला. कोटाने उत्तर दिलं नाही म्हणून तो दिवसभर खट्टू होता.

मेहुण्याने आजवर चौदा तपासांत मदत केली. त्यातले अकरा ताईने सोडवले, दोन आपोआप सुटले आणि एका प्रकरणातली मांजर अजून सापडायची आहे.

तर शुक्रवारी सकाळी थिएटरच्या मॅनेजरसमोर बसून गुप्तहेर आपली ओळख करून देत होते.

"आम्ही राखेवरून सिगारेट ओळखतो, सिगारेटवरून माणूस, आणि माणसावरून त्याची सासू. गुन्हेगार आमचं नाव ऐकतात तेव्हा..."

"तेव्हा काय करतात?"

"कोण म्हणून विचारतात," मेहुणा म्हणाला.

हे गुप्तहेर म्हणजे ताईचे यजमान, मेहुण्याचे भाऊजी. उणे सात नंबरचा चष्मा लावून ते पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांना निरीक्षणशक्तीवर व्याख्यान द्यायचे. मागच्या खोलीत मेहुणा काचा घासायचा. तपास आला की हातातली काच ठेवायची, वही घ्यायची आणि दोन पावलं मागून चालायचं, एवढंच त्याचं काम. खाल्ल्या मिठाला तो जागायचा, कारण मीठ ताईच्या हातचं होतं.

मॅनेजरने प्रकरण सांगितलं. सिनेमा जुना, गुंडांचा. नऊ रिळं, नऊ गोल डबे. गोष्ट सरळ: डॉनने रस्त्यावरून उचलून वाढवलेला एक पोरगा त्याचा उजवा हात होतो. पाचव्या रिळात डॉन नवा कोट शिवून घेत असताना तो शपथ घेतो, की जीव गेला तरी तुमच्याशी बेइमानी करणार नाही. सहाव्यात पोलीस त्याच्या भावाला धरतात. आठव्यात तो भावासाठी डॉनला गोळी घालतो आणि नवव्यात ढसाढसा रडतो.

"मंगळवारपासून मात्र," मॅनेजर म्हणाला, "तो आधी गोळी घालतो, मग रडतो, आणि मग मेलेला डॉन कोटाचं माप देत असतो तेव्हा आजन्म इमानाची शपथ घेतो. रिळांचा क्रम कोणीतरी मुद्दाम बदलतंय. मालक म्हणतात, समोरच्या थिएटरने आपला माणूस फोडला. किल्ली एकट्या ऑपरेटरकडे. संध्याकाळच्या खेळापर्यंत दुसरा कोणी सापडला नाही, तर एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर तो घरी बसणार."

"लिही," भाऊजी म्हणाले. "पहिला संशय, खरे गुंड. आपल्या धंद्याची बदनामी त्यांना सहन झाली नाही."

"भाऊजी, खरे गुंड तिकीट काढून आले होते का?"

"खरे गुंड तिकीट काढत नाहीत. तिकीट खिडकीवर त्यांची नोंद नाही, हाच पुरावा."

दुसरा संशय एका प्राध्यापकांवर गेला, कारण ते चार दिवसांत चौथ्यांदा आले होते. ते आनंदाने बोलायला लागले.

"अहो, इथे इमान दग्यानंतर सुरू होतं. माणूस आधी दगा देतो, आणि मग त्या दग्याची किंमत वाढावी म्हणून शपथ घेतो. कोण चांगला, कोण वाईट, हा प्रश्नच उरत नाही. असा सिनेमा मी जन्मात पाहिला नाही."

"आणि आखूड बाही?" भाऊजींनी सापळा लावला.

"ती नियती."

मेहुण्याने वहीत 'नियती' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग दोघे जिना चढून प्रोजेक्टरच्या बूथमध्ये गेले. ऑपरेटर एक डबा हातभर लांब धरून बघत होता. मग त्याने तो नाकाजवळ आणला, मग पुन्हा लांब नेला.

"हा माणूस डब्याचा वास घेतो," भाऊजी कुजबुजले. "म्हणजे डब्यात काहीतरी आहे." मग मोठ्याने म्हणाले, "फ्रेम काय शोभते हो तुम्हाला. कुठून घेतलीत?"

"तुमच्याच दुकानातून, साहेब. सोमवारी."

"वाटलंच," असं म्हणून भाऊजी पॉपकॉर्नवाल्याची उलटतपासणी घ्यायला खाली गेले.

मेहुणा मागे राहिला. ऑपरेटरने डबा मांडीवर ठेवला.

"डोळे चालले रे माझे," तो म्हणाला. "नवा चष्मा घेतला, तरी डब्यावरचे आकडे दिसत नाहीत. उलट जास्तच पुसट झाले. अंदाजाने लावतो रिळं."

"मग सांगा ना काका, मॅनेजरना."

"मुळीच नाही. आणि तूही सांगायचं नाहीस, शपथ आहे तुला. त्यांना म्हणू दे, समोरच्यांनी फोडला. फितूर म्हणून हाकललं तर माणूस ताठ मानेने जातो. आंधळा म्हणून हाकललं, तर कोणीतरी हात धरून जिना उतरवतं."

मेहुण्याने चष्मा बघायला हात पुढे केला, तेवढ्यात खालून भाऊजींची शिट्टी आली. भाऊजींची शिट्टी म्हणजे गुन्हा उघडकीला आला, किंवा त्यांना जिना सापडत नाही.

चार वाजता सगळे मॅनेजरच्या खोलीत जमले. भाऊजींनी खिडकीचा पडदा ओढला, दिवा मालवला आणि गुन्हेगाराच्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकला. बॅटरी उलटी धरली होती, त्यामुळे झोत त्यांच्याच तोंडावर पडला.

"पॉपकॉर्नवाला," झोतातून आवाज आला. "डॉन मेला की बायका रडतात आणि पॉपकॉर्न तसंच राहतं. डॉन लवकर मेला की रडणं लवकर संपतं. मग उरलेल्या सिनेमात विक्री."

"मी गेली दोन वर्षं फक्त मध्यंतरात विकतो," अंधारातून पॉपकॉर्नवाला म्हणाला. "तुम्हीच घेता की, खारं."

मॅनेजरने उसासा टाकला. "म्हणजे ऑपरेटरच. काका, किल्ली द्या."

ऑपरेटरने ताठ मानेने किल्ली काढली. मेहुण्याने वही मिटली. बोललो तर म्हाताऱ्याची शपथ मोडते, गप्प बसलो तर म्हाताराच मोडतो. सकाळी सिनेमातल्या त्या पोरग्यावर हसलो, आणि आता त्याचं रीळ माझ्यावर चढलंय, असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात दार उघडलं. ताई आली. तिच्या मागे एक माणूस आला, तो आधी चौकटीला धडकला आणि चौकटीला 'माफ करा' म्हणाला.

"अहो, दिवा लावा आधी," ताई म्हणाली. "हे बारा नंबरचे ड्रायव्हर. म्हणतात, थांबा दिसत नाही, पण तिकिटावरची बारीक अक्षरं झकास वाचता येतात."

तिने ड्रायव्हरच्या नाकावरचा चष्मा काढला, ऑपरेटरच्या नाकावरचा काढला, आणि याचा त्याला, त्याचा याला लावला.

ऑपरेटरने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग हळूच वाचलं, "बूथ. दुसरी किल्ली मालकांकडे." इतकं बारीक कोरलं होतं ते, की मॅनेजरलाही नवीन होतं.

ड्रायव्हर पडदा सारून खिडकीबाहेर बघत होता. "ते झाड आहे होय," तो म्हणाला. "चार दिवस मी त्याला पोलीस समजून सलाम ठोकतोय."

"चष्मे बदलले, बाकी काही नाही," ताई म्हणाली. "सोमवारी सकाळी दोघांनी नेले. आता कोणी दिले ते उकरत बसू नका."

"पण मालकांना नाव लागतं हो," मॅनेजर म्हणाला. "दिले कोणी?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. उणे सातवाल्याने चष्मा काढला म्हणजे त्याला काही बघायचं नसतं.

"मी," मेहुणा म्हणाला.

"आम्हाला पहिल्यापासून याचाच संशय होता," भाऊजी म्हणाले. पण आवाज रोजच्यासारखा चढला नाही, आणि त्यांचा हात मेहुण्याच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

मॅनेजरने वहीत मेहुण्याचं नाव लिहिलं. ताई छताकडे बघत होती.

संध्याकाळी डॉन आपल्या वेळेवर मेला आणि मेलेलाच राहिला. प्राध्यापकांनी अर्ध्यातून उठून तिकिटाचे पैसे परत मागितले. आता हा नेहमीसारखा सिनेमा झालाय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चष्मे दिले गेले त्या सोमवारी सकाळी भाऊजी आणि मेहुणा दोघेही काचांचा माल आणायला गेले होते. दुकानात ताई एकटी होती.