पारिजातकाखालचे पंत

दामोदरपंतांचं आणि विमलाअक्कांचं वैर फुलांवरून होतं, आणि त्यात पंत रोज हरत होते.

बसवनगुडीतल्या ‘विसावा’ या म्हाताऱ्यांच्या वसतिगृहाची बाग मोठी नामी होती. पण साठ-एकसष्टच्या सुमाराला चालकांनी झाडावरची फुलं तोडायला बंदी केली. शोभा जाते म्हणे! खाली पडलेली खुशाल वेचा. आता खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, चालतं ते पारिजातकाचं. त्यामुळे वसतिगृहातल्या तमाम देवांचा भार विहिरीजवळच्या एकट्या पारिजातकावर आला. अक्का पहाटे आंघोळ उरकून येत आणि परडी भरून नेत. पंत पोचत तेव्हा झाडाखाली नुसती ओली माती असे.

"अहो, एक ओंजळ तरी ठेवत जा," पंत म्हणत.

"लवकर उठा की मग! मी काय अडवलंय? माझे देव देव्हाराभर आहेत पंत, तुमचा एकटाच."

तो एकटा देव म्हणजे पितळेचा बाळकृष्ण, पंतांच्या बायकोचा, सुलभाताईंचा. जन्मभर विमानाच्या कारखान्यात नकाशे काढलेल्या पंतांचा देवावर फारसा भरवसा नव्हता, पण सुलभाताईंवर होता. गोकुळाष्टमीला कृष्णाला पारिजातक वाहिल्याशिवाय त्यांनी कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या गेल्यावरची ही पहिलीच अष्टमी. आजच्या दिवशी कृष्ण फुलाविना राहिला तर आपल्याला स्वतःचं तोंड बघवणार नाही, असं पंतांना वाटत होतं.

म्हणून अष्टमीला पंत अक्कांच्याही आधी उठले आणि झाडाखाली धुतलेलं धोतर अंथरून मोकळे झाले. पण ते तसंच सोडून जायचं कसं? राखणीला ते धोतरावरच जरा टेकले. धुकं उतरलं होतं, गारठा होता. त्यांनी खांद्यावरचं दुसरं धोतर सवयीप्रमाणे डोक्यावरून ओढून घेतलं. फुलं अंगावर पडत होती ती कळतसुद्धा नव्हती, नुसता वास येत होता. त्या वासातून सुलभाताई आल्या. अंबाडा अजून ओला होता, हातात वाफाळती कॉफी. "उठा," त्या म्हणाल्या, "निवेल." पंत कपाला हात लावणार एवढ्यात कोणीतरी किंचाळलं.

"अय्यो देवा! पंत गेले!"

पंतांना ते पटलं. बायको समोर, फुलांचा सडा, अंग हलकं झालेलं. आणखी काय हवं? फक्त स्वर्गात कानडी हेल चालतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

किंचाळल्या होत्या विमलाअक्का. पांढऱ्या वस्त्राखाली आडवा देह, वर फुलंच फुलं, आणि पायाकडून डोकावणारा पंतांचा भोक पडलेला तपकिरी मोजा. हात लावून बघावं तर त्या सोवळ्यात. वसतिगृहातले शास्त्री भीमाचार्य धावत आले, तेही सोवळ्यात. तिसरे आले त्रिविक्रमराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड.

"तुमची आंघोळ झालेली नाही. तुम्ही हात लावून बघा," आचार्य म्हणाले.

"म्हणजे मला आत्ताच्या आत्ता आंघोळ! बंब अजून पेटलेला नाही. आणि बघायचं काय त्यात? दिसतंय ना?"

मग सगळं रीतसर सुरू झालं. आचार्यांनी चूल विझवायला लावली, कॉफीचं तापलेलं दूध ओतून दिलं. बांबू आणायला माणूस पिटाळला. त्रिविक्रमरावांनी सदरा नीट केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्यांची ती बागेकडची खोली... तशी कोणी मागितलीय का अजून?"

"लाज वाटते का तुम्हाला?" अक्का कडाडल्या, आणि मग त्यांना रडूच फुटलं. "एक ओंजळ मागत होता हो माणूस! माझ्या देवांना काय कमी पडणार होतं? आता ह्या झाडाची फुलं आधी त्यांच्या कृष्णाला. रोज. माझ्या अंबाबाईची शपथ."

पंतांना आतापर्यंत सगळा उलगडा झाला होता. पण हे वाक्य ऐकून गप्प राहणं त्यांच्या हातात राहिलं नाही.

"रोज?" धोतराखालून आवाज आला.

भीमाचार्य आपलं सोवळं विसरून त्रिविक्रमरावांना मिठी मारून बसले.

पुढं जे झालं ते पंतांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. अक्का तोंडाला येईल ते बोलल्या. कॉफीवाचून तळमळणारे बाकीचे म्हातारे त्याहून जास्त बोलले. बांबू परत घ्यायला दुकानदार तयार होईना. पुढं त्यांवर दुधीभोपळ्याचा वेल चढवला, आणि त्या भोपळ्याची भाजी मात्र पंतांच्या घशाखाली कधी उतरली नाही. आचार्यांनी निकाल दिला, की माणसाच्या अंगावर पडलेली फुलं देवाला चालणार नाहीत, मग तो मेलेला असो की लबाड. पंतांचा चेहरा एवढासा झाला. ते बघून अक्का वाकल्या, धोतराबाहेर पडलेली फुलं वेचली आणि पंतांच्या ओंजळीत घातली. "घ्या. तिचा कृष्ण वाट बघत असेल."

अक्कांनी शपथ पाळली. रोज पहाटे पंतांच्या दाराशी फुलांचा द्रोण येऊ लागला. पण एकदा फसलेल्या अक्का नुसता द्रोण ठेवून जाईनात. दारावर थाप पडे, "पंत, आहात का?" आणि "आहे!" ऐकल्याखेरीज त्या हलत नसत. नेमक्या त्याच वेळी स्वप्नात सुलभाताई कॉफी पुढं करत असत. कप हातात यायचा, ओठाला लागायचा नाही. पंत रोज चरफडत.

कार्तिकातल्या एका पहाटे त्यांनी स्वप्नात पहिला घोट घेतला. मग दुसरा. सुलभाताई गालात हसत होत्या. कप पार रिकामा झाला. रिकामा कप बघताच पंतांच्या ध्यानात आलं, आज दारावर थाप पडलीच नव्हती. ते ताडकन उठले, अनवाणीच धावत बाग ओलांडून गेले आणि अक्कांच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत सुटले.

"अक्का! आहात का?"

त्यांनी कडीही वाजवली. मग आतून जांभईसकट आवाज आला, "आहे हो! स्वल्प झोपू द्या की!"

पंत खाली पायरीवरच बसले. पारिजातकाखाली सडा पडला होता, कोणी वेचला नव्हता. धाप ओसरल्यावर ते उठले आणि ओंजळीनं फुलं वेचू लागले. पहिली ओंजळ त्यांनी अक्कांच्या दाराशी ठेवली.