तिसरी हाक

गुलाम रसूल बांगडीवाल्याला एटापल्लीच्या रस्त्यावर भुताखेतांची भीती वाटत नव्हती. कशी वाटणार? चौदा वर्षं तो बाजारकऱ्यांच्या ट्रकवर बसून आज हा बाजार, उद्या तो बाजार करत आला होता. "हे जंगल मले नावानं वळखते!" असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा.

चौऱ्याऐंशीच्या पौषातली सकाळ. धुकं असं, की आपला हात आपल्यालाच दुसऱ्याचा वाटावा! इंजिन तापलं म्हणून बापूराव ड्रायव्हरने पाणी ओतायला ट्रक बंद केला. गुलाम रसूल "आलोच" म्हणून उतरला, झाडाआड गेला आणि वळून बघतो तर ट्रक नाही, सडक नाही, काहीच नाही! ट्रक निघून गेला तर पुढचा यायचा आठवड्याने, आणि मधले दिवस काढायचे वाघाच्या शेजारी!

"बापूरावभाऊ!" तो ओरडला. "ओ बापूरावभाऊ!"

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. बाजारकऱ्यांचा नियमच तसा. जंगलात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारतो. ओ देणाऱ्याची वाट चुकवणाऱ्या चकव्याला दोनच्या पुढे मोजता येत नाही!

गुलाम रसूल तिसरी हाक मारणार, तेवढ्यात धुक्यातून कोणीतरी त्यालाच बोलावलं.

"गुलामभाई! गुलामभाईऽ!"

मग सारं चिडीचूप. पानही हलेना. बरोब्बर दोन हाका! गुलाम रसूलने आपली तिसरी हाक गिळून टाकली आणि तोंडावर रुमाल दाबला. तिकडूनही कोणी हूं की चूं करेना. दोन्ही बाजू एकमेकांच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिल्या.

थोड्या वेळाने रडणं ऐकू आलं. बाईचं, बारीक, अगदी जवळून.

"लय सोन्यासारखा मानूस होता वं माय! बांगडी भरताना लेकीबाळीच्या हाताले कधी काच लागू देल्ली नाई!"

आवाज थेट ट्रकवरच्या मीठवाल्या बायनाबाईचा! गुलाम रसूलच्या अंगावर सर्रकन काटा आला. चौदा वर्षांत बायनाबाई त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलली नव्हती. चकव्याला आवाज जमला होता, स्वभाव जमला नव्हता!

घरघर सुरू झाली. हॉर्न वाजला. एकदा, दोनदा.

"या अल्ला! याच्यापाशी हॉर्नबी आहे!" गुलाम रसूल रुमालाआडून पुटपुटला.

"चल बाई," बापूरावचा पडलेला आवाज आला. "गेला तो. आता थांबून काय फायदा?"

घरघर हळूहळू लांब जाऊ लागली. गुलाम रसूल एक पाऊल पुढे झाला, एक मागे. खरा ट्रक असला तर? पण ओ दिली आणि नसला तर?

"थांबव गाडी!" एकदम किंचाळी उठली. "अबे गुलाम्या! मुडद्या! माह्या मिठाच्या पोत्यावर बसून बसून भोक पाडलं, ते कोन शिवन? तुहा बाप?"

गुलाम रसूलच्या डोळ्यांना धार लागली. असं बोलणारी बाई साऱ्या जंगलात एकच!

"ओ! ओ बाई! आलो, आलो!" म्हणत तो धावला आणि बाराव्या पावलाला ट्रकच्या फळीवर आपटला.

वर चढून तो त्याच मिठाच्या पोत्यावर बसला. मग त्याने हळूच विचारलं, "बाई, मघाशी माह्यासाठी रडून राह्यली होती काय?"

बायनाबाईने लाल झालेले डोळे पदराने पुसले.

"मी काऊन रडू? चकवा होता तो!"