साडेबारा इंचांचा दस्ता

दिगूभाऊ जिन्यात भेटले की आधी कोपर वाकवायला सांगतात. मग खिशातून टेप काढतात, कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत माप घेतात, "सव्वातेरा. ठीक आहे तुम्हाला," असं म्हणतात आणि खाली उतरतात. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही पुरुषाचा हात त्यांनी सोडलेला नाही.

कारण बंदूक. दिगूभाऊ, म्हणजे दिगंबर सोनावणे, अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. सुलभावहिनींच्या माहेरचं वांगणीचं भातशेत आता ही दोघं बघतात. गेले दोन हंगाम रानडुकरांनी ते ऐन भरात उकरून लोळवलं. शेजारी फार्महाऊस बांधणारा जमीन मागतोच आहे. वहिनींनी सांगून टाकलं, यंदाही भात गेलं तर विकून टाकू. परवाना, वनखात्याची परवानगी, सगळं रीतसर झालं. राहिली फक्त बंदूक निवडायची, आणि तिथेच घोडं अडलं.

नळी तीस इंची की सव्वीस? लांब नळी जड, पण खांद्याला धक्का कमी. आखूड नळी हलकी, पण लाथ मारते. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो कोपराच्या मापाचा भाग, अक्रोडाचा, शिसवीचा की फायबरचा? मी एका रविवारी वजन, किंमत आणि टिकाऊपणा यांचा सरळ तक्ताच करून दिला. उत्तर स्वच्छ होतं: तीस इंची नळी, शिसवी दस्ता. भाऊंनी तक्ता दोनदा वाचला. म्हणाले, "गणित बरोबर आहे तुमचं. पण लेथवर घाई केली की जॉब रिजेक्ट."

घाईचा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही. वहिनी सांगतात, छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा पात्यांचा तोल बघता बघता यांनी उन्हाळा संपवला.

उल्हासनगरचा बंदूकवाला तर पार थकला होता. भाऊ दर शनिवारी जायचे, बंदूक खांद्याला न लावता नुसती मापायचे आणि त्याचाच चहा पिऊन परत यायचे. एकदा तो म्हणाला, "साईं, लडकी देखने भी इतनी बार नहीं गये होंगे."

"उसको एकही बार देखा था," भाऊ म्हणाले. "इसलिए अब टाइम लेता है."

शेवटी भात पोटरीला आलं आणि भाऊंनी निर्णय जाहीर केला. हलकी एकनळी, सव्वीस इंची. दस्ता अक्रोडाचा, लांबी साडेबारा इंच, मागे रबराची गादी. माझ्या हिशेबात हे काही बसेना. भाऊ सहा फुटी, त्यांचं स्वतःचं माप साडेचौदा. हा दस्ता शाळकरी पोराचा झाला, असं मी स्पष्ट म्हटलं. "बसेल," एवढंच ते म्हणाले.

शेत वहिनींचं म्हणून परवानाही त्यांच्याच नावावर, तेव्हा आणायला आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने बंदूक भाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती छताकडे रोखली मात्र, नळीचं टोक थरथरायला लागलं. ज्या हातांनी लोखंडावरून केसाएवढा पापुद्रा उतरवला, ते हात. भाऊंनी घाईघाईने बंदूक वहिनींकडे सरकवली. "तू बघ जरा. वजन बघ."

वहिनींनी उचलली. दस्ता खांद्यात असा बसला की गाल आपोआप लाकडावर टेकला. नळी जराही हलली नाही. भाऊ काचेतल्या काडतुसांकडे बघत राहिले.

"माझं माप कधी घेतलंत?" वहिनींनी विचारलं.

"झोपेत कोपर वाकवतेस तू."

वहिनींनी बंदूक सावकाश काउंटरवर ठेवली. "आणि हात हलतो, ते सांगायचं नव्हतं. बशीत चहा सांडायला लागला तेव्हापासून मला ठाऊक आहे, अहो."

भाऊ पुटपुटले की शेत राहायला हवं, आणि त्यांच्याच्याने आता नेम धरवत नाही.

"धरीन मी. पण मचाणावर एकटी बसणार नाही. शेजारी तुम्ही बसायचं."

"मी बसून काय करू?"

"बोला. नळी, दस्ता, काय वाटेल ते. डुक्कर त्या बाजूला फिरकायचं नाही."

दुकानदार हसला, मीही हसलो. काचेवर टेकलेला भाऊंचा हात मात्र बारीक वाजत होता. वहिनींनी त्यावर आपला हात ठेवून तो थांबवला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पॅक कर दो, भाईसाब."