शब्द किती?

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी गेलं तर घरमालकाला नुसतं सांगून भागत नाही. करून दाखवावं लागतं.

हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली म्हणून मी पिंपळे गुरवात राहायला आले होते. साडेसहाला कंपनीची बस चौकात यायची. सव्वासहाला माझ्या तोंडाला साबण आणि नळ कोरडा! तशीच धावत खाली गेले. घरमालक सोपानतात्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा लेंगा, बंडी, टोपी आणि कमालीचा निवांतपणा.

"तात्या, पाणी गेलंय."

त्यांनी मोठ्या उत्सुकतेने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "शब्द किती?"

"काय?"

"बोटं दाखवा की. शब्द किती?"

मी गोंधळून दोन बोटं वर केली. तात्या खुर्चीत पुढे सरकले. मग मी नळ फिरवला, ओंजळ तोंडाला लावली, आणि शेवटी रिकामे हात झटकले.

"पाणी न्हाई!" मांडीवर थाप मारत तात्या ओरडले. "झ्याक! आदीच्या भाडेकरूला एवढं जमायला दोन महिने लागलं हुतं." आणि मोटर लावायला उठले.

तात्या इथले मूळचे. जिथे आमची तीन मजली बिल्डिंग आहे तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी असायची. भावकीतली बाकीची मंडळी जमिनीच्या धंद्यात पडली. तात्या मात्र विशीतच पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस आदळणार, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. बिल्डिंग नंतर उभी राहिली, पण तात्यांची ओळख विचारली तर ते अजूनही "मी प्रेस शॉपचा" असंच सांगतात.

दर रविवारी दुपारी ओट्यावर खेळ, न बोलता नुसत्या खुणांनी सिनेमा ओळखायचा. सगळ्या भाडेकरूंना हजेरी सक्तीची. सिनेमे फक्त जुने, शक्यतो ब्लॅक अँड व्हाइट. "रंगीत आलं आन् लोक कपडेच बगाय लागले," असं त्यांचं मत. हिरो-हिरॉइन ओळखण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांचे सगळे प्रश्न मागच्या रांगेतल्या माणसांबद्दल. खलनायकाच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा असणारा. नायिकेच्या बापाला पाण्याचा तांब्या आणून देणारा. पेशंटकडे बघून हताशपणे मान हलवणारा डॉक्टर.

एकदा त्यांनी फक्त चष्मा काढून दाखवला.

"डॉक्टर!" आम्ही सगळे ओरडलो.

"डॉक्टर तर दिसतोयच. कंचा?"

कोणालाच येईना. तात्या हळहळले. "चष्मा डाव्या हातानं काडला की राव मी! डाव्या हातानं काडणारा एकच हाय."

आम्ही कधी अवघड म्हणून काही काढलं, तर पहिला शब्द पुरा व्हायच्या आत तात्या अख्खं नाव सांगून मोकळे. दुसऱ्या मजल्यावरच्या निखिलने एकदा जत्रेत हरवलेले दोन भाऊ करून दाखवायला सुरुवात केली. भाऊ हरवायच्या आतच तात्यांनी सिनेमा ओळखला. "तात्या, असे पन्नास सिनेमे असतील," निखिल वैतागून म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघत तात्या हसले. "पर तू मनात एकच धरलावतास ना?"

नियम एकच, पण कडक. दमशेराज खेळताना आपण कानाची पाळी ओढून 'ऐकायला असा असा' शब्द सुचवतो ना, ती खूण इथे बंद. निखिलने एकदा सवयीने पाळी ओढली, तर तात्यांनी त्याला उठवून जिन्यावर बसवलं. "कानाचं काम आमच्यात न्हाई," एवढंच कारण.

मीटर बघायला आलेला माणूस, पत्ता विचारायला थांबलेला टेम्पोवाला, सगळ्यांना आधी "शब्द किती?" कौसाकाकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं, तर वेगळंच गाऱ्हाणं. "पावणं आल्यात एवडं सांगायला मला ह्या वयात नाच करावा लागतोय!" असं त्या सांगायच्या, आणि आम्ही पोट धरून हसायचो. त्याही हसायच्या. मला वाटायचं, अवलिया माणूस आहे, लागलं असेल खूळ.

वर्षभर मला असंच वाटत होतं.

मग एका शनिवारी माझी सुट्टी होती. जिना उतरत होते तर तळमजल्यावर कुकरची शिट्टी झाली. परत झाली. मी मोजत नव्हते, पण दहा-बारा तरी झाल्या असतील, आणि डाळ करपल्याचा वास आला. दार उघडंच होतं. काकू बहिणीकडे गेलेल्या. तात्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मन लावून मटार सोलत होते. कुकर त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर किंचाळत होता.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. माझी सावली पडली तेव्हा ते दचकून वळले. कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मटारचं ताट बाजूला सरकवून ते म्हणाले, "कुनाला सांगू नगा, ताई."

मी मान हलवली.

"कानात घालायला बुचं दिली हुती कंपनीनं. आमीच खिशात ठेवायचो. तरणी पोरं आमी, मर्दानी काम..." ते थांबले. "मशीन लावून बगितलं कानाला. ते लावलं की डोस्क्यात परत प्रेस चालू."

मी त्यांच्यासमोर बसले आणि हाताने विचारलं, मग हा खेळ?

"बहिऱ्याशी लोक दोनच गोष्टी बोलत्यात. जेवला का, आन् बरं हाय का. त्येबी वरडून, जाता जाता. खेळात कसं, मानूस म्होरं बसतंय. तोंडाकडं बगतंय. तासभर बसतंय."

मग बशीरचं नाव निघालं. बशीर लातूरकडचा. प्रेसच्या अलीकडे तात्या, पलीकडे तो, सव्वीस वर्षं. तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येण्याची सोयच नव्हती, म्हणून चहाच्या सुट्टीतही, बाकीच्या प्रेस चालूच असल्याने, दोघे हातांनी सिनेमे ओळखायला लागले. आठवड्यात एक सिनेमा बघायचा आणि आठवडाभर एकमेकांना घालायचा. सरळसरळ गप्पा अशा दोघांनी कधी मारल्याच नाहीत. "त्याचा आवाज कसा हाय, मला नीट सांगताबी यायचा न्हाई," तात्या म्हणाले. रिटायर झाल्यावर बशीर गावी गेला. त्याचे फोन यायचे, पण फोन म्हणजे कानाचं काम. तात्यांनी ते उचलले नाहीत. हळूहळू यायचे थांबले. "त्याला वाटलं आसंल, सोपान्या जमीनवाला झाला, इसारला."

हे सांगताना त्यांनी मटार सोलायला परत घेतले होते, पण एकही शेंग फुटत नव्हती.

नंबर काकूंच्या जुन्या वहीत सापडला. दुसऱ्या दिवशी, रविवारचा खेळ जमायच्या आधी, मी माझ्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. काकू परतल्या होत्या, त्या दाराशी उभ्या राहिल्या. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

पलीकडे बशीरची सून. तिने फोन फिरवला आणि पलंगावर उशीला टेकलेला एक हडकुळा म्हातारा दिसला. तोंडाची एक बाजू ओघळलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं होतं. तात्यांना हे माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ते रडतील.

मग बशीरने डावा हात हळूहळू वर उचलला आणि तीन बोटं दाखवली.

तात्या पुढे सरकले.

पहिल्या शब्दाला बशीरने कपाळावर आडवा हात धरून लांब कुठेतरी पाहिलं. तात्यांनी उत्तरादाखल छत्री उघडून दाखवली. चूक. बशीरने मान हलवली आणि पुन्हा केलं. तात्यांनी विडी ओढली. चूक. घोड्यावर बसले. चूक. बशीरने कपाळावर हात मारून घेतला, आणि त्याचं अर्धं तोंड हसायला लागलं.

"ताई, आवाज येतोय ना तिकडं?" पलीकडून सून काळजीने म्हणाली. "दोघंबी काहीच बोलंनात ओ."

"येतोय," मी म्हटलं.

एव्हाना मीही तो सिनेमा ओळखला होता. काकूंनीही ओळखला होता. "अवो, ह्यो तर..." म्हणत त्या पुढे आल्या आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसल्या. तात्यांनी स्क्रीनवरची नजर न हलवता हात मागे करून त्यांचं मनगट धरलं. काकू पदर सावरून त्यांच्या शेजारी बसल्या.

तात्यांनी डोकं खाजवलं, फार विचारात पडल्यासारखं केलं, आणि खांदे उडवले. समजलं न्हाई.

बशीरने सुनेला फोन जरा वर धरायला खुणावलं, आणि डावा हात उचलून तो पहिला शब्द पुन्हा करायला लागला.