मूर्तिजापूरच्या मशीनची माघार

काम होणं आणि काम झाल्याचा ठराव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली दुसरी जास्त टिकाऊ असते. कामाला गंज चढतो, उंदीर लागतात, ऐन वेळी वीज जाते. ठरावाला यांतलं काही होत नाही. हे सत्य ज्यांना वेळीच उमगलं त्या संस्था आजही ताठ उभ्या आहेत. अमरावती-अकोला फळ-भाजीपाला उत्पादक सहकारी संघ ही अशीच एक थोर संस्था होय.

संघाच्या आवारात संत्र्यांच्या गाड्या येत. कोणती गाडी आधी आत घ्यायची, हे फाटकावरचे धर्मपाल चिठ्ठी देऊन ठरवत. चिठ्ठीवर नंबर असे, पण तो शोभेसाठी. (धर्मपालांची स्मरणशक्ती दांडगी. कोण कोणाचा साळा, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही.) ज्यांना मेहुणे नव्हते त्यांची संत्री उन्हात मऊ पडत. याचा फार बोभाटा झाला, तेव्हा नंबर देण्यासाठी संघाने एक सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ते जगभर धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी केलेलं होतं. संघाचा धंदा दोन जिल्ह्यांत होता. उरलेल्या जगाची सोय भावी विस्तारासाठी राखून ठेवण्यात आली.

ते बसवायला मंजुषाला कंत्राटी पद्धतीने घेतलं. पोरगी चांदूर बाजारची, शिकलेली अमरावतीत. पुण्याची चांगली नोकरी तिने सोडून दिली होती, कारण घरी आई मैनाबाई एकटी आणि तिचे गुडघे कामातून गेलेले. अध्यक्ष देवीदासभाऊंनी शब्द दिला होता, "मशीन सुरू झालं का सभेत तुमची ऑर्डर." कायमची नोकरी, तीही घरून जाऊन-येऊन करण्यासारखी. मंजुषाचा सगळा जीव त्या ऑर्डरमध्ये अडकला होता. आई रोज दुपारी फोनवर विचारायची, "झालं काय व तुह्यं मशीन सुरू?"

संचालक मंडळाला तिने नीट समजावून सांगितलं. हे सॉफ्टवेअर एका मशीनच्या आवाक्यातलं नाही, तीन मशीनं मिळून ते पेलतात. प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात असतं, म्हणजे एकाचं तिखट दुसऱ्यात सांडत नाही. आणि पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो लग्नातल्या आचाऱ्यासारखा. आपण फक्त हुकूम द्यायचा; काय काय लागेल, कुठून आणायचं आणि कोणत्या डब्यात काय भरायचं ते तो बघतो. या मॅनेजरला प्रवासभत्ता द्यावा लागत नाही हे कळल्यावर विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. संघाच्या अंतर्गत पाहणीनुसार ब्याण्णव टक्के संचालकांना तो पूर्णपणे समजला. उरलेले आठ टक्के, म्हणजे अकोल्याचे उपाध्यक्ष पंजाबराव, जागे होते.

पंजाबरावांनी विचारलं, "तिन्ही मशीनं अमरावतीतच काहून?"

एका खोलीत, एका तारेवर असली की बरी चालतात, असं मंजुषा म्हणाली. पण तंत्रज्ञानासाठी अकोल्याचा अनुशेष वाढवणं संघाला परवडणारं नव्हतं. तेव्हा एक मशीन अमरावतीला, एक अकोल्याला आणि तिसरं दोघांच्या मधे मूर्तिजापूरला गेलं. तिन्ही ठिकाणी नारळ फुटले, फिती कापल्या गेल्या. (अकोल्याच्या मशीनच्या जाळीतून कुंकू आत गेलं. तेव्हापासून ते अधूनमधून शिंकतं, पण चालतं.)

ठरलेल्या दिवशी देवीदासभाऊंच्या हस्ते हुकूम देण्यात आला. बोट त्यांचं, बटण मंजुषाने दाखवलेलं. पडद्यावर डब्यांची नावं उमटली आणि प्रत्येकापुढे एकच शब्द आला: पेंडिंग. तो पाहून संचालकांचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ सगळं परकं वाटत होतं, आता यंत्र आपलंसं वाटू लागलं. डब्यांना जागा वाटून देणं सुरू आहे, थोडा वेळ लागेल, असं मंजुषा सांगत होती.

"पण हे वाटप कोण करून राहिलं?" पंजाबरावांनी विचारलं.

इथे मंजुषाकडून चूक झाली. तिने खरं उत्तर दिलं. "तिन्ही मशीनं आपसात मतदान करून एक नेता निवडतात. त्याच्याच शब्दावर सगळं चालते."

चहाचे कप खाली ठेवले गेले. संघाच्या स्थापनेपासून एकही निवडणूक झालेली नव्हती, आणि तो संघाचा सर्वांत मोठा दागिना होता. निवडणुकीने गावात दुफळी पडते, भावाभावांत वितुष्ट येतं, आणि कधीकधी निकालही लागतो. म्हणून दर वेळी उमेदवारांना प्रेमाने घरी बोलावून, चहा पाजून, पुढचा-मागचा विचार सांगून अर्ज मागे घ्यायला लावण्याची उदात्त परंपरा संघाने जपली होती. आणि आता संघाच्याच वीजबिलावर तीन मशीनं बंद खोल्यांत मतदान करत होती.

"अन् नेता झालेलं मशीन बंद पडलं त?" पंजाबरावांच्या डोळ्यांत प्रथमच चमक दिसली.

"दुसरं लगेच निवडून येते. काम थांबत नाही."

"लगेच?" देवीदासभाऊंनी छातीवर हात ठेवला. गेल्या वर्षी ते नागपूरच्या दवाखान्यात दोन आठवडे पडून होते. त्या काळात संघाचं एकही काम झालं नव्हतं, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. "माणूस आजारी पडला का त्याच्या खुर्चीवर दुसरा? हे काय संस्कार झाले, मॅडम?"

मग संघाने जे केलं ते सहकाराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावं असं आहे. निवडणूक बिनविरोध करण्याचं ठरलं. वाटाघाटी चहासकट तासभर चालल्या. अकोल्याच्या मशीनने माघार घ्यायची, बदल्यात त्याला उपनेतेपद. मूर्तिजापूरच्या मशीनने जिल्ह्याच्या व्यापक हितासाठी माघार घ्यायची, बदल्यात त्याला स्वीकृत सदस्य करायचं. माघार म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल थोडा संभ्रम होता. दोन्हीकडे फोन करून प्लग काढायला सांगण्यात आलं.

"भाऊ, असं नका करू," मंजुषा काकुळतीला आली. "तीनपैकी दोघांचं तरी मत लागते. एकट्याचं बहुमत होत नाही."

"काहून नाही होत? माह्यं होते ना," देवीदासभाऊ म्हणाले.

अमरावतीचं मशीन एकटं उरलं. ते दुसऱ्या मताची वाट पाहत बसलं आणि पडदा पेंडिंगवर गोठला. देवीदासभाऊंनी मशीनला हार घातला. बातमीसाठी फोटो काढण्यात आला. त्यात मंजुषा कडेला उभी आहे, अर्धी.

त्यानंतर ती रोज विनवत राहिली. दोन प्लग परत लावा, एवढंच तिचं मागणं होतं. पण प्लग लावणं म्हणजे माघार मागे घेणं, आणि तशी तरतूद पोटनियमांत नव्हती. फाटकावर धर्मपालांच्या चिठ्ठ्या चालूच होत्या. (त्यांना आता 'ऑफलाइन टोकन' म्हणत.)

अखेर वार्षिक सभेचा दिवस उजाडला. संघाचं भवन सभासदांनी भरलेलं. मागच्या अंगणात निखाऱ्यांवर रोडगे भाजले जात होते आणि वांग्याच्या भाजीचा वास अहवालाच्या आधीच लोकांपर्यंत पोहोचला होता. मैनाबाई नवं लुगडं नेसून, गुडघे सांभाळत चांदूर बाजारहून आल्या होत्या. सॉफ्टवेअर बसलं, त्याचा नेताही बिनविरोध निवडून आला, असं देवीदासभाऊंनी जाहीर केलं. ऑर्डर त्यांच्या हातातच होती. "आता मॅडम दोन शब्द सांगतीन."

मंजुषा माइकपाशी गेली. दोन गोड शब्द बोलायचे आणि कागद घ्यायचा, एवढंच काम होतं. पण सकाळी येताना तिने अंजनगावच्या एका म्हाताऱ्याला रस्त्याकडेला मऊ संत्र्यांची अख्खी गाडी ओतताना पाहिलं होतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली होती. ती म्हणाली, "मशीन सुरू नाही. एकही नंबर त्यातून निघाला नाही. दोन प्लग लावा, आज सुरू होते."

देवीदासभाऊ मुळीच रागावले नाहीत. त्यांनी तिचे आभार मानले आणि सॉफ्टवेअर उत्तम चालू असल्याचा ठराव मांडला. मागून कोणीतरी ओरडलं, "मंजूर! चाला, रोडगे थंड होऊन राहिले!" हात वर गेले. मग प्रथेप्रमाणे विचारण्यात आलं, "कोणाचा विरोध?" मैनाबाईंचा हात तेवढा वर होता. त्या सभासद नसल्यामुळे तो मोजता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुषाला कळवण्यात आलं, की सॉफ्टवेअर निर्दोष चालत असल्याचं सभेनेच ठरवलेलं असल्याने ते बसवणाऱ्या व्यक्तीची यापुढे गरज नाही. ती आता पुण्याला असते. मैनाबाई एकट्याच असतात, आणि फोनवर मशीनचं काही विचारत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या सभेत खरं काय ते कळणारा एकही माणूस नव्हता का? होता की. पाचव्या रांगेत बसला होता. शिकलासवरलेला, वाचनाची आवड असलेला, बिनविरोध मशीनचं ऐकून गालातल्या गालात हसलेला. मंजुषा बोलली तेव्हा त्याने मान डोलावून शेजाऱ्याला सांगितलंही, "पोरगी खरं बोलून राहिली." विरोध विचारला तेव्हा मात्र तो वाकून खुर्चीखाली चपला शोधत होता. शेजारी मी होतो, म्हणून मला माहीत. असो. सापडल्या का चपला? मग उठा, तुमचं पान वाढलं आहे.