निजलेल्या पोरांची वैरीण

हिरूआतेला निजलेलं मूल बघवत नसे. झोळीत पोर शांत दिसलं, की ती आधी त्याचं तोंड हुंगायची आणि मग तळपायाला चिमटा काढायची. पोरानं टाहो फोडला, की तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. "रडतंय त्ये जगतंय," म्हणत ती पुढच्या घराकडे वळायची. मागे राहिलेली आई तिला जे म्हणायची, ते मी इथे लिहीत नाही.

अलिबागेहून दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. बायका उजाडताच बोंबील वाळत घालायला जात, नाहीतर पाटी घेऊन बाजाराला. तान्ह्याजवळ बसणार कोण? म्हणून निघण्याआधी त्याला दुधात उगाळून बाळगोळी पाजायची, ही घरोघरची रीत. अफू तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळे, आणि गोळीत तीच असते हे सर्वांना ठाऊक होतं. पण देवळामागच्या पारावर पेंगणारे म्हातारे घेत ते व्यसन. पोरांना देत ते औषध.

हिरूआते हा फरक मानत नसे. म्हाताऱ्यांनाही जाता जाता चिमटा बसे. एकदा खुद्द पाटलांना बसला. ते खवळले, तर म्हणाली, "जित्तं हाव का, त्ये बघितलं."

पुस्तकावर माझी मान पडली, की तिची नखं कुठूनशी हजर होत. आमच्या वाड्यातला पहिला बी. ए. मी. ते मास्तरांच्या, वडिलांच्या होडीच्या आणि हिरूआतेच्या नखांच्या कृपेनं.

बी. ए. होऊन घरी आलो, तेव्हा बहीण रखमा तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. मुलगा फार किरकिरायचा, म्हणून एके दिवशी तिनं रोजच्यापेक्षा जास्त गोळी उगाळली. दुपारी हिरूआते आली. तोंड हुंगलं, चिमटा काढला. पोर रडलं नाही. तिनं पुन्हा काढला. मग त्याची पापणी उचलून पाहिली. बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली होती.

वडील बैलगाडी जुंपून अलिबागेला डॉक्टर आणायला निघाले. हिरूआतेनं पोर खांद्यावर टाकलं आणि वाळूत येरझारा सुरू केल्या. तळव्यांवर टिचक्या, तोंडावर पाण्याचे हबके, कानात शिव्या.

"ऊठ रं मेल्या. मामा बीये झाला, नि तू निजतोस? श्वास घे. त्याला काय पैसं पडत न्हाईत."

तिला धाप लागली. मी पोर मागितलं, तिनं दिलं नाही. मी उगाचच बरोबर चालत राहिलो. रखमा मागून रडत येत होती. तिला आता शिव्या बसणार असं वाटलं होतं, पण आते तिला एक शब्द बोलली नाही.

ऊन उतरायला लागलं, तेव्हा पोरानं आधी ओठ वाकडे केले. मग असं भोकाड पसरलं, की वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले. आतेनं वाळूतच बसकण मारली.

डॉक्टर आले. तपासून म्हणाले, धोका टळला, आता खुशाल झोपू द्या. आतेला हे मुळीच पटलं नाही. पोर अंगावर पिऊन निजलं, तरी झोळीशी बसून तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

"आते, जा आता घरी," मी म्हणालो. "ही साधी झोप हाय."

"मंगळीची पन साधीच वाटली व्हती."

तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. आतेला मुलगी होती, हेही मला माहीत नव्हतं.

"दारात बसून मीच समद्यांना दटावत व्हते. गलका करू नका, पोर निजलंय."

बाहेर कुणीतरी पाटी आपटली. रखमा 'हळू' म्हणून सांगायला उठली. आतेनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"आपटू दे," ती म्हणाली.